पितळ कातताना

पितळेची सळई लेथवर फिरायला लागली, की आधी ती फिरते आहे हेच पटत नाही. गुळगुळीत गोल वस्तू स्वतःभोवती फिरताना थांबल्यासारखीच दिसते. मग टूल टेकतं, मळकट पापुद्र्याखालून लख्ख पिवळा पट्टा उघडतो आणि बारीक चुरा उडू लागतो. काही सेकंदांत सळईच्या टोकाला आटे पडतात, पोट कोरलं जातं, कडा मोडली जाते आणि तयार तुकडा खालच्या ट्रेमध्ये टण्णकन पडतो. तोवर पुढचा सुरू झालेला असतो. ज्याला या धंद्याशी काही देणंघेणं नाही असा माणूसही हे बघत उभा राहतो, आणि मोबाइलवर असे व्हिडिओ बघणारे तर रात्रीची झोप लांबवतात.

हे पितळेचंच का बघवतं? पोलादाचा किस लांबच लांब, तापून निळा पडलेला निघतो आणि जॉबला गुंडाळतो. त्यावर कूलंटची धार सोडावी लागते, त्यात काम झाकलं जातं. ॲल्युमिनियम टूलला चिकटायला बघतं. कातकामाच्या पितळेत मात्र तांबं आणि जस्ताबरोबर २ ते ३ टक्के शिसं असतं. ते पितळेत विरघळत नाही, सूक्ष्म कणांच्या रूपात विखुरलेलं राहतं. टूल तिथे पोचलं की किस तुटतो आणि वंगणही आपोआप मिळतं. तांब्याच्या मिश्रधातूंमध्ये कोणता किती सहज कापला जातो हे ठरवताना अशाच शिसेयुक्त पितळेला १०० गुण धरतात आणि बाकीचे त्याच्याशी तोलतात. कूलंटशिवायही ते कापता येतं, त्यामुळे सगळं उघड्यावर दिसतं. त्याची एक खोडही आहे. धारदार उतार दिलेलं टूल किंवा ड्रिल पितळेत अचानक घुसतं आणि जॉब ओढून घेतं. म्हणून जाणता कातारी पितळेसाठी ड्रिलची धार मुद्दाम थोडी मारून घेतो.

पंढरपूरच्या उत्तरेला असलेल्या करकंब परिसरात अशा कातलेल्या सुट्या भागांची दुसरी बाजू दिसते. हा ऊस आणि द्राक्षांचा मुलूख. ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणजे दिवाळीच्याच सुमाराला, केवडा आणि भुरी या रोगांच्या धास्तीने बागांमध्ये फवारण्या सुरू होतात. पंपाच्या गनचं तोंड, कपलिंग, ब्लोअरच्या नोझलची बॉडी अशा ठिकाणी पितळ असतं. नोझलचं भोक १ मिलिमीटरचं धरू. ते झिजून १.०५ झालं, तर वाढ अवघी ५० मायक्रॉनची, डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे त्याच दाबाला जवळजवळ १० टक्के औषध जास्त जातं, आणि नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांनी वाढला की नोझल बदला, असंच तज्ज्ञ सांगतात. पाण्यात मिसळणाऱ्या पावडरींचे कण मऊ पितळ लवकर खातात. म्हणून पुष्कळ ब्लोअरमध्ये बॉडी पितळेची आणि आतली चकती सिरॅमिकची असते. लेथवर कातलेले ते मायक्रॉन शेवटी द्राक्षाच्या पानावर मोजले जातात.

याच बागांवर फवारायच्या, मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची गंमत वेगळी. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत. मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पातं तांबूस झालं, तर चुना कमी पडला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं, त्याचा हा पुरावा. तांब्याचंच पोर असलेलं पितळ अशा द्रावणात लोखंडापेक्षा बरं टिकतं.

यंत्रकामाची ओळख या भागाला नवी नाही. जवळच्या कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून रेल्वेचा वर्कशॉप आहे. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे पंढरपूरला पोचली. वाफेच्या इंजिनाला पितळेचे आणि गनमेटलचे कॉक, व्हॉल्व्ह लागायचेच. सोलापुरात १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवते. तिथला धातू वेगळा, पण मायक्रॉनची शिस्त तीच.

बघायला खरी मजा जुन्या ऑटोमॅटिक लेथची. शॉपमध्ये त्याला सरसकट ट्रॉब म्हणतात. नाव मूळ जर्मन कंपनीचं. त्यात संगणक नाही, सगळा हुकूम कॅमच्या चकत्यांच्या उंचवट्यांत आणि खोलगट भागांत असतो. कॅमशाफ्टचा एक फेरा झाला की एक जॉब पडतो: सळई पकडणारं कॉलेट सैल, सळई पुढे, कॉलेट घट्ट, ड्रिल, फॉर्म टूल, पार्टिंग. कॅमचा चढ बघितला की टूल आता हळू का चाललंय हे कळतं. संगणकावर चालणारं सीएनसी जास्त अचूक आणि जास्त गुणी, पण दार बंद, काच कूलंटने माखलेली. प्रेक्षक म्हणून कौल ट्रॉबलाच द्यावा लागेल.

अशा बघण्यातून कधी विज्ञानही निघतं. ऑस्ट्रेलियातल्या ‘क्लिकस्प्रिंग’ या यूट्यूब चॅनेलवर एक कारागीर अँटिकिथेरा यंत्राची प्रतिकृती पितळेत घडवतो. मूळ यंत्र दोन हजार वर्षांहून जुनं, कांस्याचं, ग्रीसजवळच्या बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेलं. त्याच्या दिनदर्शिकेच्या फुटक्या कड्याला मुळात किती भोकं होती, हा वाद होता. ३६५ हे उत्तर सोयीचं वाटायचं. या कारागिराने सहकाऱ्यांबरोबर उरलेल्या भोकांची अंतरं तपासली आणि २०२० मध्ये ३५४ हा आकडा मांडला, म्हणजे चांद्र वर्षाचे दिवस. २०२४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासातलं संख्याशास्त्र लावून ३५४ किंवा ३५५ हेच जास्त संभवतं असं दाखवलं.

व्हिडिओत एक गोष्ट सुटते. मशीनसमोर पाळीभर उभा असलेला माणूस फारसं बघत नाही, तो ऐकतो. टूलची धार गेली की आवाज जाडा होतो. मग हात मायक्रोमीटरकडे जातो. पितळेचा चुरा सुयांसारखा असतो, कपड्यांत, चपलांत शिरतो, आणि चष्म्याशिवाय उभं राहणं म्हणजे डोळ्याशी वैर.

शिशाचेही दिवस भरत आलेत. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंग्जमध्ये पाण्याला लागणाऱ्या भागात शिसं सरासरी ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. तिकडे अशा फिटिंग्ज पाठवायच्या तर बहुधा बिस्मथ किंवा सिलिकॉन घातलेलं पितळ घ्यावं लागतं. सिलिकॉनवालं टूल लवकर झिजवतं, तर बिस्मथची अडचण भंगारात येते. कित्येक जॉबमध्ये सळईचं निम्म्याहून जास्त वजन चुऱ्यात जातं. तो चुरा परत भट्टीला विकला तरच हिशेब जुळतो. लोखंडाचा कण सापडला तर भाव पडतो, म्हणून आधी त्यातून चुंबक फिरवतात. बिस्मथ मात्र चुंबकाला दाद देत नाही आणि नेहमीच्या पितळेत मिसळलं तर अख्खी भट्टी बिघडते. त्यामुळे दोन्ही प्रकार चालवणाऱ्या शॉपमध्ये चुऱ्याची पोती वेगळी ठेवतात, आणि माल बदलण्याआधी मशीनचा ट्रे कोपऱ्यांसकट झाडून घेतात.