मनाचा आजार आणि गावाची नजर

पाठीत कळ येते, डोके जड असते, अन्नावर वासना नाही, पहाटे तीनलाच जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. अशा तक्रारी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या काही रुग्णांच्या साऱ्या तपासण्या निर्दोष ठरतात. मग शक्तीचे इंजेक्शन होते, एखादे सलाईन लावले जाते, दोन दिवस बरे वाटते आणि तक्रार पुन्हा तीच. ‘मला नैराश्य आले आहे’ असे ग्रामीण भागातील रुग्ण सहसा सांगत नाही. तो म्हणतो, ‘जीव रमत नाही’. बऱ्याचदा तेवढेही म्हणत नाही, केवळ अंग दुखते एवढेच सांगतो. आजार मनाचा असतो, बोलते मात्र शरीर.

दुःख आणि नैराश्य यांतील भेद येथे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पीक बुडाले, घरातील माणूस गेले, तर माणूस खचतो; ते स्वाभाविकच होय. परंतु उदासी किंवा कशातही गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकून राहिले, त्याबरोबर झोप, भूक व कामाची उमेद मोडली आणि आपण घरावर ओझे झालो आहोत असे वाटू लागले, तर तो आजार समजून वैद्यकीय सल्ला घेतला पाहिजे. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना तो जडतो आणि ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून दुर्लक्षिला जातो. वृद्धांच्या बाबतीत तो वयाच्या माथी मारला जातो.

या आजाराची पहिली चाहूल दवाखान्यात नव्हे, गावात लागते. रोज पारावर बसणारा गृहस्थ दिसेनासा होतो. दूध संकलन केंद्रावर स्वतः येणारा शेतकरी मुलाला धाडू लागतो. वर्गात पुढे बसणारा विद्यार्थी मागच्या बाकावर जातो, गृहपाठ थांबतो. शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती व सोसायटीचे सचिव यांना हे बदल घरच्यांच्याही आधी दिसू शकतात. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्तीच्या घरभेटींना महत्त्व देण्यात आले, ते याच कारणाने.

चाहूल लागल्यावर काय बोलावे, हा खरा प्रश्न असतो. ‘मन खंबीर कर’, ‘तुला काय कमी आहे?’ ही वाक्ये सद्हेतूने उच्चारली जातात. तापाने फणफणलेल्याला ‘अंग थंड कर’ म्हणण्याइतकाच त्यांचा उपयोग होतो. सल्ला बाजूला ठेवून अर्धा तास निमूट ऐकणे अधिक उपयोगी पडते. रुग्ण जीवनाला कंटाळल्याची भाषा बोलत असेल, तर जीव देण्याचे विचार मनात येतात काय, हे त्याला स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याने अनेकांचा भार हलका होतो. उत्तर होकारार्थी आल्यास त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलुपाआड किंवा घराबाहेर हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. असा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसणे, यावरच कित्येकदा जीव अवलंबून असतो.

नैराश्यावर उपचार आहेत व ते लागू पडतात. समुपदेशनाने सौम्य आजार पुष्कळ आटोक्यात येतो; तीव्र आजारात औषधे लागतात. त्यांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. नेमके याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. आणि गुण आला की ‘आता बरे आहे’ म्हणून बंद होतात! बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावयाचे असते. नैराश्यावरील या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. देवर्षीकडे जाणाऱ्या कुटुंबाची हेटाळणी करून काही साधत नाही. मात्र त्यापायी उपचार लांबता कामा नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णास मारहाण करणे वा साखळदंडाने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

आणखी एक भीती घराघरांत ठाण मांडून आहे. आत्महत्येचा प्रयत्न झाला की खटल्याच्या धास्तीने तो लपविला जाई, रुग्ण विषबाधेतून वाचे, पण मनाचा उपचार राहून जाई. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही स्थिती पालटली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध न झाल्यास, कायदा मानतो आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवितो. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ देखील १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसे ठेवलेले नाही. पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत एकदा तरी समजावून सांगावी. अनेक घरांना ती अद्याप ठाऊक नाही.

उपचारासाठी पुणे, ठाणे, नागपूर वा रत्नागिरीचे मनोरुग्णालय गाठण्याची गरज फार थोड्यांना असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, तर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ही सेवा जिल्हा पातळीवर आणण्यास आरंभ केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. अडचण उरते ती पाठपुराव्याची. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते आणि शेजारी विचारतात, कुठे निघालात? मानसोपचार पथक जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येते, हे ग्रामपंचायतीने विचारून घ्यावे, शक्य तर तो दिवस बाजाराचा असावा असा आग्रह धरावा आणि इतर आरोग्य शिबिरांच्या तारखांसोबतच ती तारीखही सूचना फलकावर लिहावी.