व्यापाऱ्याचा आढावाफलक : कोणते साधन निवडावे?

हिशेब लिहिणे ही एक विद्या आहे आणि लिहिलेला हिशेब वाचणे ही दुसरी. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्या आधारावर आपल्या पेढ्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर लहानमोठ्या बहुतेक पेढ्यांचा जमाखर्च संगणकावर गेला. यंत्राने लिहिणे सोपे केले. वाचणे मात्र त्या मानाने सोपे झाले नाही. यास्तव विखुरलेले आकडे एकत्र करून त्यांचा सारांश एका दृष्टिक्षेपात दाखविणारी साधने निघाली. त्यांस बिझनेस इंटेलिजन्सची साधने म्हणतात आणि पडद्यावरील त्या सारांशास डॅशबोर्ड. आम्ही त्यास आढावाफलक म्हणू. यांपैकी कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न हल्ली घरोघरची तरुण मंडळी विचारतात. त्याचाच विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आढावाफलक हा वहीची जागा घेत नाही. तो टॅलीतून, एक्सेलच्या तक्त्यांतून आणि गोदामाच्या नोंदींतून आकडे उचलतो, त्यांची जुळणी करतो आणि आलेखाच्या रूपाने मांडतो. जे वहीत नाही ते फलकावर कोठून येणार? म्हणून साधनाचे नाव विचारण्यापूर्वी आपणास काय जाणावयाचे आहे ते ठरवावे. धान्याच्या घाऊक पेढीपुरते बोलावयाचे तर रोज तीन गोष्टी कळणे अगत्याचे आहे. कोणत्या गोदामात कोणता माल किती आहे, ही पहिली. कोणाकडे किती उधारी आहे आणि ती तीस, साठ की नव्वद दिवसांची झाली, ही दुसरी. हमाली, तोलाई, अडत, भाडे आणि व्याज वजा जाता कोणत्या मालात खरोखर काय उरले, ही तिसरी. यांची उत्तरे न देणारा फलक कितीही रंगीत असला तरी तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेहून अधिक उपयोगाचा नाही.

आता साधनांकडे वळू. ज्यांचे एकच दुकान व एकच गोदाम आहे, त्यांनी नवीन काही घेण्याआधी आपल्या टॅलीत काय आहे ते नीट पाहावे. उधारीचे वय आणि मालाचा साठा दाखविणारे तक्ते तीत आहेतच. टॅलीप्राइमच्या अलीकडील आवृत्त्यांत तर आढावाफलकही दिलेला आहे.

मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची डेस्कटॉप आवृत्ती विनामूल्य मिळते, पण ती विंडोज संगणकावरच चालते. आणि तयार फलक इतरांस खाजगी रीतीने दाखवावयाचा झाल्यास सामान्यतः माणशी मासिक आकार भरावा लागतो. ज्यांचे काम एक्सेलमध्ये मुरलेले आहे, त्यांना हे लवकर साधते. टॅब्लो हे २००३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे साधन. ती कंपनी २०१९ मध्ये सेल्सफोर्सने घेतली. आकड्यांच्या खोलात शिरण्याची त्याची शक्ती मोठी, पण खर्चही तसाच. अनेक शाखा आणि या कामासाठी नेमलेला जाणकार असेल, तरच ते परवडते. गुगलचे साधन २०१६ मध्ये डेटा स्टुडिओ या नावाने निघाले आणि २०२२ मध्ये लुकर स्टुडिओ झाले. ते ब्राउझरमध्येच चालते, साधा वापर विनामूल्य आहे, आणि गुगल शीटमध्ये नोंदी ठेवणाऱ्या लहान पेढीस आरंभासाठी बरे. चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो अ‍ॅनालिटिक्स हा देशी पर्याय आहे. झोहोचीच हिशेबप्रणाली वापरणाऱ्यास त्याची जोडणी सुलभ पडते. मेटाबेस आणि सुपरसेट ही मुक्त साधने आहेत. आपल्याच सर्व्हरवर ती बसविल्यास परवान्याचा खर्च वाचतो, पण सांभाळणारा माणूस लागतो आणि त्याचा पगार हाच खरा खर्च होय.

साधन कोणतेही असो, मापाचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. २ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीचे २०० टन. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी ती ५० टनांवर आणली गेली. समजा, ती ५० टनांची मर्यादा लागू असताना फलकावर तुरीची १५०० पोती दिसत आहेत. पोते ३० किलोचे असेल तर माल ४५ टन, म्हणजे मर्यादेच्या आत. ५० किलोचे असेल तर ७५ टन, म्हणजे मर्यादेबाहेर. आलेखाची रेघ दोन्ही वेळा तेवढीच उंच! पण एक व्यापारी निश्चिंत झोपतो आणि दुसऱ्याच्या दारी तपासणी येते. निजामाच्या राज्यात हाली आणि कलदार असे दोन रुपये चालत. कोणता रुपया हे न लिहिलेल्या आकड्यास त्या काळी किंमत नव्हती. वजन न लिहिलेल्या पोत्याची गत आज तीच आहे.

जी गोष्ट मापाची तीच नावाची. आमच्या हैदराबादेत तांडूरची, लातूरची आणि कलबुर्गीची तूर येते. एक कारकून तीस तूर लिहितो, दुसरा अरहर आणि तिसरा तेलुगूतील कंदी. माणसास तिन्ही एकच आहेत हे कळते. यंत्रास ते तीन वेगळे जिन्नस वाटतात आणि साठा तीन ठिकाणी विभागून दिसतो. गिऱ्हाइकांच्या नावांचेही तेच. म्हणून आधी जिन्नस, वजन व खातेदार यांची एकच ठरीव यादी करावी आणि सर्व दुकानांत तीच चालवावी. या कामास पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

आणखी दोन सावधगिऱ्या. टॅब्लो पब्लिक हे विनामूल्य मिळते, पण त्यावर ठेवलेला फलक जगास पाहण्यासाठी असतो. पॉवर बीआयमधून वेबवर सर्वांसाठी प्रसिद्ध केलेल्या फलकाचेही तसेच. आपला खरेदीभाव आणि उधारीची यादी अशा ठिकाणी कदापि ठेवू नये. दुसरी गोष्ट ही की, उद्या साधन सोडावयाचे झाल्यास आपले आकडे पूर्णपणे परत काढून घेता येतात काय, हे करार करण्यापूर्वी विचारून घ्यावे. आकडे आपले आहेत. ते परक्याच्या कुलपात अडकता कामा नयेत.

सारांश, विक्रेत्याच्या नमुन्याच्या फलकावर भुलू नये. त्यास आपले स्वतःचे एका महिन्याचे आकडे द्यावेत आणि वरील तीन प्रश्नांची उत्तरे मागावीत. आलेली उत्तरे मुनीमजींच्या खतावणीशी आणि गोदामातील प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावीत. जे साधन या कसोटीस उतरेल, घरातील वडीलधाऱ्यांस मोबाईलवर सहज वाचता येईल आणि पेढीतील एखादा मुलगा वा मुलगी स्वतः दुरुस्त करू शकेल, तेच आपले साधन. अनुभवी मुनीमजी आणि संगणक शिकलेली नवी पिढी यांनी शेजारी बसून हा फलक मांडावा, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे. एकास व्यापाराचे प्रश्न ठाऊक आहेत, दुसऱ्यास उत्तर काढण्याची रीत. पेढीस या दोहोंचीही गरज आहे.