घरटं टांगल्यावर पुढे काय?

चिमणीला घरट्यासाठी फट लागते, भोक लागतं. याच गिरगावात, खेतवाडीत वाढलेल्या सलीम अलींनी लहानपणी चिमण्यांची नोंद केली, तीही तबेल्याच्या भिंतीतल्या भोकातल्या घरट्याची. चाळीत अशा जागा पुष्कळ होत्या: कौलांखाली, वाशांच्या टोकाशी, तसबिरीमागे. टॉवरच्या गुळगुळीत भिंतीत त्या नाहीत. म्हणून २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, आपण गॅलरीत लाकडी घरटं टांगतो. पुढे काय?

पिल्लं उडाली की आत गवत, पिसं, विष्ठा, एखादं न उबलेलं अंडं उरतं. त्यात रक्त पिणारे बारीक किडे वाढतात. चिमणी वर्षातून दोन-तीनदा अंडी घालते, आणि पुष्कळदा जुन्या गादीवरच नवी रचते. मग पुढची पिल्लं त्या किड्यांच्या तोंडी जातात.

पण म्हणून दिवाळीची साफसफाई काढली, की लगेच घरट्यात हात घालायचा का? नाही. कॅलेंडर बघू नका, घरटं बघा. अंडी साधारण बारा दिवस उबतात, पिल्लं आणखी पंधरा दिवस आत असतात. चिमणी चोचीत किडा घेऊन येत असेल, तर थांबा. आठवडाभर ये-जा दिसली नाही, तरच झाकण उघडा आणि आत नीट डोकावून खात्री करा.

नाकातोंडावर रुमाल बांधा. गवतावर थोडं पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही. मग ते पिशवीत भरून टाका. घरटं कढत पाण्यानं घासा. फिनेल नको, झुरळांचा स्प्रे तर नकोच. उन्हात खडखडीत वाळवा. तळाची भोकं मोकळी करा, सैल खिळे ठोका. दाराचं भोक सुमारे ३२ मिलिमीटरचं असावं. मोठं झालं तर कावळ्याची चोच आत पोचते. मग घरटं पूर्वीच्याच जागी, सावलीत टांगा.

आयुष्यभर मी 'कर्तव्य' हा शब्द शिकवला. त्याचा एक साधा अर्थ असा, की सुरुवात आपण केली तर पुढचंही आपल्याकडे येतं. तेव्हा घरटं विकत घेताना दोनच गोष्टी बघा: त्याचं झाकण उघडतं का, आणि जिथे टांगणार तिथे स्टुलावरून हात पोचतो का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तरच घ्या.