शाईची पारख रोजच्या कागदावर

लेखनाचे बरेचसे काम संगणकाने आणि मोबाइलने आपल्याकडे घेतले असले, तरी शाईचे पेन अद्याप हद्दपार झालेले नाही. लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले आणि पुढील काही दशकांत टाक, दौत व टिपकागद शाळेच्या बाकावरून नाहीसे झाले. तरीही स्वाक्षरीसाठी, दैनंदिनीसाठी किंवा निव्वळ अक्षराच्या प्रेमापोटी शाईचे पेन जवळ बाळगणारा वर्ग टिकून आहे. पूर्वी दुकानात निळी, काळी, लाल आणि ब्लू-ब्लॅक एवढ्याच शाया मिळत. आज देशी-परदेशी शायांच्या शेकडो छटा उपलब्ध आहेत. त्यामुळे कोणती शाई घ्यावी, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे.

या प्रश्नाचे उत्तर बाटलीच्या वेष्टनावर सापडत नाही. शाईचे नमुने सहसा गुळगुळीत, उत्तम प्रतीच्या कागदावर काढून दाखविले जातात. प्रत्यक्षात मात्र ती शाई दोनशे पानी वहीवर, फुलस्केपवर, झेरॉक्सच्या कागदावर किंवा बँकेच्या पावतीवर वापरली जाते. तेथे तीच शाई निराळी वागते. म्हणून शाईची परीक्षा करायची, तर ती रोजच्या वापरातील कागदावरच करावयास हवी.

शाई का फुटते?

कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचे दाट जाळे. या तंतूंमधील पोकळ्या केशनलिकांप्रमाणे द्रव ओढून घेतात. टिपकागद शाई शोषतो तो याच गुणामुळे. लिहिण्याच्या कागदात मात्र हा गुण आवरावा लागतो. त्यासाठी कागदाला खळ दिली जाते. पूर्वी गिरण्यांमध्ये राळ आणि तुरटी यांचा वापर सर्रास होत असे. आता अन्य रासायनिक द्रव्ये आणि पृष्ठभागावर स्टार्चचा थर यांचा वापर केला जातो. जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागदाची मराठेशाहीच्या काळात ख्याती होती. हातकागदालाही खळ देऊन, तो घोटून गुळगुळीत करीत. त्यावर बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहिलेली मोडी कागदपत्रे आजही वाचता येतात.

खळ अपुरी असली, की शाई अक्षराच्या रेषेत न थांबता तंतूंच्या वाटेने बाजूला पसरते. यालाच आपण शाई फुटणे म्हणतो. ती खोलवर उतरून पलीकडच्या बाजूस बाहेर पडली, तर पान पाठीमागून निकामी होते. कागद पातळ असल्याने मागे नुसती सावली दिसणे हा याहून वेगळा दोष आहे. त्यात शाई आरपार गेलेली नसते, कागदाची अपारदर्शकता कमी पडलेली असते. पहिल्या दोषाला शाई बदलणे हा काही अंशी उपाय असू शकतो. दुसऱ्या दोषाला बहुधा कागद बदलणे हाच उपाय.

कागद जाड म्हणजे चांगला, हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. बाजारातील अनेक वह्यांचा कागद प्रति चौरस मीटर ५० ते ६० ग्रॅमच्या आसपास असतो, तर झेरॉक्सचा ७० ते ८० ग्रॅमचा. तरीही एखाद्या वहीवर शाई नेटकी बसते आणि जाड झेरॉक्स कागदावर ती फुटते, असा अनुभव येतो. तोमोए रिव्हर हा जपानी कागद प्रति चौरस मीटर अवघा ५२ ग्रॅमचा असूनही शाईच्या पेनासाठी जगभर नावाजला गेला. कागदाचे वजन आणि त्याची खळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

बाटलीत काय असते?

शाईच्या पेनाच्या बहुतेक शाया म्हणजे पाण्यात विरघळलेले रंग. त्यात प्रवाह सुधारणारी, निबवर शाई लवकर सुकू न देणारी आणि बुरशी रोखणारी द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेली असतात. प्रवाह वाढविण्यासाठी पाण्याचा पृष्ठताण कमी केला, की पेन सुळसुळीत चालते, पण तीच शाई हलक्या कागदात अधिक वेगाने शिरते. लिहिताना सुखद वाटणारी शाई वहीवर अधिक फुटते, याचे कारण अनेकदा हेच असते.

दुसरा प्रकार लोहयुक्त शाईचा. मायफळ किंवा हिरड्यासारख्या तुरट पदार्थांतील टॅनिन आणि हिराकस यांच्या संयोगातून ही शाई तयार करण्याची पद्धत शतकानुशतकांची आहे. लिहिताना दिसतो तो शाईत मिसळलेला निळा रंग. पुढे हवेतील प्राणवायूमुळे लोहाचे न विरघळणारे काळे संयुग तंतूंमध्ये तयार होते आणि अक्षर गडद होत जाते. ब्लू-ब्लॅक हे नाव याच बदलातून आले. आज या नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्याच शाया लोहयुक्त नसतात, हे मात्र लक्षात ठेवावयास हवे. जर्मनीतील पेलिकनची '४००१' मालिकेतील ब्लू-ब्लॅक ही लोहयुक्त शाईचे परिचित उदाहरण होय.

तिसऱ्या प्रकारात रंग विरघळलेला नसून त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. जपानच्या प्लॅटिनम कंपनीची 'कार्बन ब्लॅक' या प्रकारात मोडते. हे कण कागदाला धरून बसतात आणि वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई मात्र शाईच्या पेनात कधीही भरू नये, ती पेन कायमचे तुंबवते.

महाराष्ट्राचे शाईशी जुने नाते आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची भुकटी आणि गोळ्या बनविण्यास सुरुवात केली. त्या उद्योगातूनच 'कॅमल' शाई आणि पुढे कॅम्लिन कंपनी उभी राहिली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यातील मोठा हिस्सा घेतला. बंगालमध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने १९३४ मध्ये सुरू झालेली 'सुलेखा' मध्यंतरी बंद पडली होती, तिच्या शाया २०२० पासून पुन्हा मिळू लागल्या. स्वस्त देशी शाई आणि महाग परदेशी शाई यांत साध्या कागदावर सरस कोण, हे किमतीवरून ठरविता येत नाही. त्यासाठी चाचणीच करावी लागते.

घरच्या घरी चाचणी

अशा चाचणीला प्रयोगशाळेची गरज नाही. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शायांची तुलना करताना पेन तेच आणि निब तीच हवी. प्रत्येक शाईनंतर पेन साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळू द्यावे. दौतीत बुडवून लिहिण्याच्या टाकाने घेतलेला नमुना फसवा ठरतो, कारण टाक पेनापेक्षा अधिक शाई सोडतो. तुलनेसाठी एक जुनी, परिचित शाई सोबत असावी.

कागद निवडताना आपण खरोखर वापरतो तेच घ्यावेत. शाळेची वही, झेरॉक्सचा कागद, फुलस्केप आणि दैनंदिनीचे पान एवढे पुरेसे आहेत. गिरणीत तयार होणाऱ्या कागदाच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. म्हणून दोन्हीकडे लिहून पाहावे. हाताचा घाम आणि तेल लागलेल्या पानाच्या तळाशी शाई वेगळी वागते, तेथेही दोन ओळी लिहाव्यात.

काय लिहावे, यालाही महत्त्व आहे. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील फरक शिरोरेषेच्या एवढ्याशा खंडावर अवलंबून असतो. शाई फुटली, की तो खंड बुजतो, 'भात'चा 'मात' होतो आणि 'धार'ची 'घार' होते. अनुस्वाराचा ठिपका पसरून डागासारखा दिसतो, तर 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांच्या पोटातील पांढरी जागा भरून जाते. इंग्रजी अक्षरांवर घेतलेल्या नमुन्यांत हा दोष दिसत नाही. म्हणून चाचणीचे वाक्य मराठीतच असावे आणि नेहमीच्या आकाराच्या, नेहमीच्या वेगाच्या अक्षरात लिहावे.

त्यानंतर पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली वाळण्याची. पाच, दहा, पंधरा आणि वीस सेकंदांनी एकेका रेषेवरून बोट फिरवावे. पावसाळ्यातील दमट हवेत शाई उशिरा वाळते, म्हणून सर्व शाया एकाच दिवशी तपासाव्यात. दुसरी पाठीमागची. पान उलटून आणि खाली ठेवलेला कोरा कागद पाहून शाई आरपार गेली की नुसती सावली आहे, हे ठरवावे. तिसरी पाण्याची. एक दिवस वाळलेल्या अक्षरावर पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून टिपावा. लोहयुक्त शाईला त्यासाठी काही दिवस द्यावेत. चौथी उन्हाची. नमुन्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो महिनाभर उन्हाच्या खिडकीला लावावा आणि दोन्ही भाग ताडून पाहावेत. पाचवी प्रतिमेची. लिहिलेल्या पानाची झेरॉक्स काढून किंवा ते स्कॅन करून अक्षर किती स्पष्ट राहते, हे पाहावे.

प्रत्येक चिठ्ठीच्या मागे शाई, कागद आणि तारीख नोंदवून पुढे फक्त क्रमांक घालावा. मग घरातील दुसऱ्या कोणाला तरी त्या चिठ्ठ्या दाखवून क्रम लावण्यास सांगावे. बाटलीचे नाव ठाऊक नसले, की डोळा अधिक प्रामाणिक निवाडा देतो.

कोणत्या कामाला कोणती?

या चाचण्यांतून सहसा एक गोष्ट स्पष्ट होते. सर्व कसोट्यांवर उतरणारी एकच शाई मिळत नाही. साधी रॉयल ब्लू पेनाला सौम्य असते, कपड्यावरचा डाग सहज निघतो, परंतु पाण्याने अक्षर वाहून जाते आणि उन्हात ते फिके पडते. जर्मनीत शालेय विद्यार्थी या शाईचे अक्षर खोडण्यासाठी खास रासायनिक पेन वापरतात. विद्यार्थ्याची ही सोय धनादेशावर धोका ठरू शकते. लोहयुक्त शाई हलक्या कागदावरही सहसा कमी फुटते आणि पाण्याला टिकते. मात्र ती आम्लधर्मी असल्याने पोलादी निब आणि पेन वरचेवर धुवावे लागते. कणयुक्त शाई सर्वांत टिकाऊ, पण पेन विसरून पडून राहिले तर ते साफ करणे कठीण. गडद, भरपूर रंगाच्या शोभिवंत शाया डोळ्यांना सुखावतात, पण त्यांतील अनेक हलक्या वहीवर फुटतात आणि उशिरा वाळतात.

बाटलीवरील 'पर्मनंट' या शब्दावरही विसंबू नये. 'वॉशेबल' आणि 'पर्मनंट' हा जुना भेद बराचसा कपड्यावरील डागाशी निगडित होता. 'पर्मनंट' म्हणजे कागदावर जलरोधक, असे गृहीत धरता येत नाही. थेंबाची चाचणी हाच त्याचा पुरावा.

ही निवड आवडीपुरती मर्यादित नाही. बँकांमध्ये आता धनादेशाचा कागद शाखाशाखांतून फिरत नाही, त्याची प्रतिमा पाठविली जाते. दिल्लीत २००८, चेन्नईत २०११ आणि मुंबईत २०१३ पासून ही पद्धत अमलात आली. त्यामुळे धनादेशावर प्रतिमेत स्पष्ट उमटणारी गडद शाई अपेक्षित असते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्यास प्रारंभ केला. अशा वेळी मागच्या पानावरची शाई पुढे उमटली, तर परीक्षकाला दोन्ही बाजूंची अक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतात. त्याचा फटका विद्यार्थ्यालाच बसण्याची शक्यता असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा पुरात कागद वाळवून वाचविता येतो, त्यावरचे विरघळलेले अक्षर मात्र परत आणता येत नाही.

म्हणून सोपा विभाग करावा. वर्गातील टिपणांसाठी लवकर वाळणारी साधी निळी पुरेशी आहे. दोन्ही बाजूंनी लिहावयाच्या उत्तरपत्रिकेसाठी बारीक निब आणि मागे न उमटणारी शाई घ्यावी. अर्थात परीक्षेच्या नियमांत बसणाऱ्या रंगातच. धनादेश, करारनामा, वंशावळ, घरची हिशेबवही यांसाठी पाण्याच्या आणि उन्हाच्या चाचणीत टिकलेली लोहयुक्त किंवा कणयुक्त शाई असावी. दोन शाया एकमेकींत मिसळू नयेत, कारण त्यांतील घटकांची अभिक्रिया होऊन गाळ बसू शकतो आणि पेन तुंबते.

आणि शाई फुटली, तर लगेच बाटली बदलण्याची घाई करू नये. आधी बारीक निब वापरून पाहावी, मग दुसरा कागद. तेवढ्यानेही भागले नाही, तरच दोष शाईचा मानावा. चार-सहा चिठ्ठ्या आणि महिनाभराचा धीर एवढ्या भांडवलावर जे कळते, ते महागड्या बाटलीच्या वेष्टनावर छापलेले नसते.