कचेरीची मांडणी : खुली की बंद?

शासकीय कचेरीसाठी नवी इमारत बांधावयाची असो की जुन्या इमारतीची फेरमांडणी करावयाची असो, एक प्रश्न हटकून पुढे येतो. सर्व कर्मचारी एकाच दालनात बसवावेत, की प्रत्येक शाखेला स्वतंत्र खोली द्यावी? याचा निर्णय बहुधा जागा आणि खर्च पाहून होतो. वस्तुतः कोणते काम चारचौघांच्या देखत व्हावे आणि कोणते होऊ नये, याचा विचार आधी व्हावयास हवा.

खुल्या रचनेची वाटचाल

मोकळी बैठक आपल्याकडे नवी नाही. जुन्या कचेऱ्यांत कारकून एकाच सोप्यात गादीवर बसून, उतरत्या मेजावर लिहीत असत. पाश्चात्त्य देशांत फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाने अमेरिकेतील बफेलो येथे १९०६ साली पूर्ण केलेल्या लार्किन कंपनीच्या कचेरीत मध्यभागी एक उंच, प्रकाशमान दालन ठेवले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून टाकून, कागदपत्रांच्या प्रवासानुसार मेजांचे गट मांडण्याची पद्धत निघाली. एकत्र बसल्याने विचारविनिमय वाढेल, अशी त्यामागची अपेक्षा होती.

ही अपेक्षा सर्वत्र खरी ठरली नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्यांची पाहणी करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भिंती काढल्यानंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि संगणकावरून धाडलेले संदेश वाढले, असे त्यांना आढळले. सतत इतरांच्या नजरेसमोर असलेला माणूस आपल्यापुरता आडोसा शोधतो, हे यावरून ध्यानात येते.

दोहोंचे गुणदोष

खुल्या दालनात उजेड व वारा सर्वांना मिळतो, जागा कमी लागते आणि मेजांची फेररचना सहज करता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खेड्यातून आलेल्या माणसाला आपला अर्ज कोठे द्यावयाचा व पुढे तो कोणाकडे गेला, हे डोळ्यांना दिसते. बंद दारांच्या ओळीपुढे तो बिचकतो. कोणते दार ठोठवावे हेच त्याला उमगत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जमिनीच्या नोंदी तपासणे किंवा हिशेबाची बेरीज जुळविणे, या कामांना एकाग्रता लागते. शेजारच्या बोलण्याने चित्त विचलित होऊन एक आकडा चुकला, तर एखाद्या शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी वर्षभर खेटे घालावे लागू शकतात. पतीच्या निधनानंतर साहाय्यासाठी आलेल्या स्त्रीला आपली सांपत्तिक स्थिती रांगेतल्या गाववाल्यांसमोर मोठ्याने सांगावी लागणे, हा तर तिच्या प्रतिष्ठेचाच प्रश्न होय. अशी स्त्री कित्येकदा अर्धवट माहिती देऊन परत फिरते, आणि हक्काचे साहाय्य लांबणीवर पडते.

आडोसा आणि आवाज

चार-पाच फूट उंचीचे पार्टिशन घातले की गोपनीयता साधली, असा एक समज आहे. असे पार्टिशन नजर अडविते, आवाज नव्हे. तो वरून निघून जातो. काचेच्या केबिनमध्ये भिंतीवर व छताखाली फट राहिली, तर तेथेही तोच प्रकार घडतो. बोलणे आतच राहावे असे वाटत असेल, तर भिंत खोट्या छताच्याही वर थेट स्लॅबपर्यंत न्यावी लागते. गुळगुळीत फरशी, काच व स्लॅब यांवरून आवाज परततो. कापडी पडदे, कापड लावलेले फलक आणि कागदांनी भरलेली उघडी मांडणी तो काही अंशी शोषून घेतात.

गोव्यातील जुन्या इमारतींबाबत विशेष सावधगिरी हवी. जांभ्या दगडाच्या जाड भिंती पुष्कळदा छपराचा भार पेलत असतात. अभियंत्याच्या सल्ल्यावाचून त्या पाडणे धोक्याचे आहे. पावसाळ्यातील दमट हवेमुळे दप्तरखाना मात्र स्वतंत्र, कुलूपबंद, तरीही हवेशीर असावा. कपाटे भिंतीला टेकवून न ठेवता मागे वारा खेळेल इतके अंतर सोडावे.

आराखड्यापूर्वी करावयाची नोंद

आराखडा काढण्यापूर्वी एक आठवडाभर साधी नोंद ठेवावी: कोणत्या मेजाशी किती माणसे येतात, किती वेळ थांबतात आणि काय बोलतात. त्यावरून कामांचे तीन गट पडतात. अर्ज स्वीकारणे, पावती व दाखले देणे ही कामे प्रवेशद्वाराजवळ, खुल्या दालनात ठेवावीत. नोंदी, हिशेब व संगणकाचे काम त्यामागे, वर्दळीपासून दूर असावे. सुनावणी, तक्रार व खासगी चौकशी यांसाठी दार लावता येईल अशी एक लहान खोली राखावी. ती कोणा एका अधिकाऱ्याच्या नावे नसावी. ज्याला गरज पडेल त्याने ती वापरावी.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, रॅम्पचा उतार १२ फुटांस १ फूट याहून अधिक नाही आणि खिडकीचा एक भाग सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचा, एवढे अवश्य पाहावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यानुसार सार्वजनिक इमारती त्यांना सुगम असणे बंधनकारक आहे.

एकाच खोलीच्या पंचायत कचेरीत किंवा शाळेच्या कार्यालयात वेगळी खोली काढणे शक्य नसते. तेथे दूरच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या ठेवाव्यात, रांग दाराबाहेर ओसरीवर थांबवावी आणि खासगी बोलण्यासाठी ठराविक वेळ जाहीर करावी. फीची सवलत मागणाऱ्या पालकाला मुलाच्या वर्गमित्रांदेखत बोलावे लागू नये, एवढे यातून निश्चित साधते, आणि त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

थोडक्यात, अर्जाचा प्रवास सर्वांना दिसावा आणि अर्जदाराची अडचण मात्र संबंधित कर्मचाऱ्यापलीकडे कोणाच्या कानी पडू नये, अशी मांडणी हवी. आराखड्यावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी एकदा रांगेत उभे राहून तेथून काय दिसते व काय ऐकू येते हे पाहिले, तर पुष्कळ चुका कागदावरच दुरुस्त होतील.