जुन्या मोटारीचे अंतरंग

सोलापुरास १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट व पद्मिनी गाड्या बंद होऊन दोन तपे उलटली. तेव्हा अक्कलकोटात कोणाच्या दारी अशी गाडी असेल, तर तिच्या गाद्या घरी नव्या करताना एक नियम पाळावा : जुने काही फेकू नये.

आम्ही स्वतः एकदा फाटके आवरण टरकावून फेकले. आमची पुढची गादी अद्याप बेढब आहे. जुने आवरण हाच नव्याचा नमुना होय. ते शिवण उसवून काढावे, तुकड्यांवर क्रमांक घालावेत आणि त्यांवरूनच नवे रेक्झिन बेतावे.

पण त्याआधी खालचा पत्रा पाहावा. काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी तेथे साचते. गळती थांबवून, गंज खरवडून रंग दिल्यावाचून वरची सजावट व्यर्थ होय.

आमच्याकडील ज्या उन्हाने जुने रेक्झिन तडकते, तेच ऊन शेवटी उपयोगी पडते. नवे आवरण थोडा वेळ उन्हात ठेवावे. ते मऊ होऊन गादीवर सुरकुतीवाचून ताणले जाते. मग गाडी मात्र सावलीतच ठेवावी.