‘वावटळ’ आणि यादवी

आपसांतील युद्धास मराठींत ‘यादवी’ म्हणतात. या शब्दाचें मूळ महाभारताच्या मौसलपर्वांत आहे. प्रभासतीर्थीं यादवांनीं परस्परांचा संहार केला तो एरका नांवाच्या गवतानें. क्रोधाच्या भरांत उपटलेली काडी हातांत मुसळ झाली. नित्याचें गवत शस्त्र व्हावें आणि मारणारा व मरणारा यांची जन्माची ओळख असावी, हेंच यादवीचें लक्षण होय. इतिहासकार तारखा व आंकडे देतो; हें लक्षण दाखविणें वास्तववादी कथेस अधिक साधतें, असें आमचें मत आहे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस महात्मा गांधींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. पुढील कांहीं दिवसांत आमच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या टापूंत अनेक गांवीं ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळाला. कित्येक ठिकाणीं शेजाऱ्यांनींच आसराही दिला. येथें दोन सैन्यें समोरासमोर उभीं नव्हतीं हें खरें. परंतु एरकेचें लक्षण पुरतें जुळतें.

माणदेशांत वाढलेल्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही लघुकादंबरी १९६४ सालीं प्रसिद्ध झाली, ती याच प्रसंगावर. पुण्याहून गांवाकडे निघालेले तरुण आणि त्यांनीं पाहिलेली जाळपोळ, एवढाच तिचा विषय. लेखक शाप देत नाहीं, व्याख्यानही झोडीत नाहीं; साध्या शब्दांत दिसलें तें सांगतो. घर जळतें तेव्हां कणगींतलें धान्य, देव्हारा आणि जमिनीचे कागद जातातच; पण ‘हें माझें गांव’ हा विश्वासही जातो, आणि तो कोणत्याही पंचनाम्यांत नोंदला जात नाहीं.

१९४८ सालाच्या आरंभीं उर्दू कथाकार सआदत हसन मंटो मुंबई सोडून लाहोरास गेला. फाळणीवरील त्याच्या ‘टोबा टेकसिंह’ या कथेंत दोन राज्यें आपापल्या वेड्यांची अदलाबदल करितात. आपलें गांव कोणत्या देशांत गेलें, हें विचारीत राहिलेला बिशनसिंह अखेर दोन सीमांमधील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या भूमीवर कोसळतो. लक्षावधि लोकांची हानि एका वेड्याच्या प्रश्नांत मावली आहे.

आमच्या घरांतून ‘वावटळ’ ही केवळ आपल्या गाऱ्हाण्याची कैफियत म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्या आगीचें जळण एका दिवसांत रचलेलें नव्हतें; जमीन, सावकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा उच्चनीचभाव त्यांत होता. यानें जाळणाऱ्याचा अपराध कमी होत नाहीं. तथापि मुलांच्या हातीं हें पुस्तक देतांना ‘कोणीं जाळलें’ एवढें सांगून थांबूं नये; शेजारी शेजाऱ्यास पारखा कां झाला, हेंही सांगावें.

आमच्या इचलकरंजींत सूत तुटलें कीं विणकर माग थांबवितो, तुटलेलें टोंक शोधतो आणि मगच गांठ मारतो. अशी कथा आपणांस तें टोंक दाखविते. पुढील गांठ मारण्याचें काम ती वाचणाऱ्या घरांचें आहे.